गरिबांचे मित्र फ्रेडरिक ओझानाम

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान शहरी झाला. पॅरिसमध्ये कायद्याचा अभ्यास करीत असता, ख्रिस्तसभा आज गोरगरिबांसाठी काय करिते, असे काही सहाध्यायांनी हिणवून विचारिले. तो प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. १८३३ साली मोजक्या मित्रांसह त्यांनी मंडळ स्थापिले. तेच पुढे संत विन्सेंट डी पॉल संस्था म्हणून जगभर पसरले. सिस्टर रोझाली रेंद्यू यांनी या तरुणांस दरिद्री कुटुंबांची वाट दाखविली. पावाच्या चिठ्ठ्या घेऊन ते घरोघर जात व आस्थेने विचारपूस करीत.

पुढे सॉर्बोनमध्ये प्राध्यापक झाल्यावर, १८४८ साली, त्यांनी असे प्रतिपादिले की, केवळ पोटापुरते दिलेले दान घेणाऱ्याची मान खाली घालविते. परंतु ज्या साह्यासोबत आदर, सल्ला व शिक्षण असते, ते त्यास स्वतंत्र करिते.

८ सप्टेंबर १८५३ रोजी, अवघ्या चाळिशीत, ते मार्सेय येथे निवर्तले. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले.

गरिबाच्या दारी जाताना आम्हीही स्वतःस विचारावे: आमच्या साह्याने हा बंधू उद्या आपल्या पायांवर उभा राहील काय?