चाचा की सरखेल?

चाचा म्हणजे इथे काका नव्हे! चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे कान्होजी आंग्रे यांची आणि माझी पहिली ओळख इंग्रजी पुस्तकातून झाली, तीही 'पायरेट' म्हणून. मी रोह्याजवळच्या खांब गावचा. आमच्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. अलिबागच्या ज्या किल्ल्यावरून ते पडलं, तेच कान्होजींचं ठाणं. मग हा माणूस लुटारू कसा?

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवरायांच्या आरमारात होते. सुवर्णदुर्गावर पराक्रम गाजवून कान्होजी सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख झाले. ताराबाई आणि शाहू यांच्या भांडणात ते आधी ताराबाईंच्या बाजूला होते. १७१३ मध्ये शाहूंनी पाठवलेल्या बहिरोपंत पिंगळे या पेशव्यालाच त्यांनी कैद केलं! शेवटी बाळाजी विश्वनाथ यांनी तलवारीऐवजी बोलण्याने मार्ग काढला आणि १७१४ मध्ये तह झाला. कान्होजी शाहूंचे सरखेल झाले.

आता 'लुटी'विषयी. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने पैसे भरून कान्होजींचा दस्तक घ्यायचा, असा नियम होता. दस्तक म्हणजे आपला गेट पासच समजा. पास नाही, तर जहाज जप्त. पोर्तुगीज तर दोनशे वर्षं हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. इंग्रजांची कंपनीही पास द्यायची. मग परक्याने घेतला तो कर आणि इथल्या माणसाने घेतली ती लूट, हा कुठला न्याय?

त्यांच्याकडे विलायती युद्धनौकांसारखी अवाढव्य जहाजं नव्हती. होत्या गुराबा आणि त्याहून लहान गलबतं, आणि खाडी न् खाडी ठाऊक असलेले कोळी-भंडारी खलाशी. उथळ पाण्यात मोठी जहाजं अडायची, ही सटकायची. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर हरले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. बाजीराव पेशवे मदतीला धावले, पोर्तुगिजांनी तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले. ४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागला आहे.

युरोपात व्हेनिस नावाचं व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक होतं. तेही आपल्या समुद्रात जहाजांकडून कर घ्यायचं, पण त्याला कोणी चाचा म्हणत नाही. तिथला प्रमुख निवडून यायचा, मुलाला गादी आपोआप मिळत नसे. इथे थोरले सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि भाऊ भांडले. मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाला! पुढे तुळाजी आणि पेशवे यांचं बिनसलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचं आरमार तिथेच जळून गेलं.

ज्यांना कान्होजी जन्मभर पुरून उरले, त्यांना घरातल्या भांडणाने वाट करून दिली. १९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिलं. लुटारूचं नाव कुठलं नौदल आपल्या तळाला देतं?