श्वास मोजणारे स्वामी

श्वास आपण नाकाने ओढतो, असे मला चौथीपर्यंत वाटायचे. गुरुजींनी सांगितले की हवा ओढावी लागत नाही, ती आपोआप आत शिरते. त्याच तासाला त्यांनी एका मोठ्या माणसाची माहिती दिली. ती मी लिहितो.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई येथे झाला. घर मराठी आणि गरीब. तरी ते खूप शिकले, बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात अंग कमावले आणि अमळनेरला शिकवू लागले. नर्मदाकाठी मालसर येथे माधवदास महाराजांकडे ते योग शिकले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले.

योग करणारे पुष्कळ होते हो! पण करताना पोटात नि छातीत नक्की काय होते, हे कोणी पाहिले होते? स्वामींनी बडोद्याच्या दवाखान्यात आपल्या विद्यार्थ्यांना क्ष-किरण यंत्रापुढे उभे केले, दाब मोजला. यंत्राने उलटे दाखवले असते तर? तरी ते कचरले नाहीत. नौली करताना पोटातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे दिसले. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

श्वासाचेही असेच आहे. छातीखाली एक स्नायूचा पडदा असतो. तो खाली गेला, बरगड्या फुलल्या, की आत जागा वाढते आणि दाब घटतो. मग बाहेरची हवा आत घुसते. पडदा वर आला की दाब वाढून हवा बाहेर. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो. साध्या श्वासात फुफ्फुसातला दाब त्याहून जेमतेम १ मिलिमीटर कमी होतो. एवढ्याशा फरकावर आपण जगतो!

१९२४ साली स्वामींनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि योगमीमांसा हे शास्त्रीय नियतकालिक सुरू केले. १८ एप्रिल १९६६ रोजी ते वारले.

मी बाटलीचे बूड कापले, तोंडातून आत एक फुगा सोडला, बुडाला दुसरा फुगा ताणून बांधला. पहिल्यांदा तो फाटलाच. दुसऱ्यांदा खालचा ओढला तर आतला फुगला! आजोबांना दाखवले. त्यांनी भाताच्या गिरणीत बरीच वर्षे पोती उचलली, तुसाची धूळ खाल्ली. आता त्यांना धाप लागते. त्यांनी बाटलीच्या तोंडावर बोट अर्धे ठेवायला लावले. मग फुगा हळूहळू फुगला आणि रिकामा व्हायलाही वेळ लागला. आपले असेच होते, असे ते म्हणाले. डॉक्टरांनीही नळ्या अरुंद झाल्या असेच सांगितले आहे. औषध चालू आहे. बाटली त्यांनी खाटेजवळ ठेवून घेतली.

— एक विद्यार्थी, इयत्ता ५ वी