जॉन डाल्टन आणि त्यांचे डोळे

अणुसिद्धान्तामुळे जॉन डाल्टन यांचे नाव रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर येते. ते इतिहासाच्या तासालाही यावे, असे आम्हांस वाटते.

६ सप्टेंबर १७६६ च्या सुमारास इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात, एका विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. घराणे क्वेकर पंथाचे. राजमान्य चर्चबाहेरच्या या पंथीयांना त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. धर्माच्या नावाने ज्ञानाचे दार लावून घेण्याची विद्या केवळ आपल्याच देशाला अवगत होती असे नाही. बाराव्या वर्षीच हा मुलगा शाळेत शिकवू लागला आणि शिकवण्या करीतच जगला.

१७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी स्वतःच्याच दृष्टिदोषावर निबंध वाचला. लाखेची लाल कांडी आणि लॉरेलचे हिरवे पान त्यांना सारख्याच रंगाचे दिसे. भावाचीही तीच गत. डोळ्यातील द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली. २७ जुलै १८४४ रोजी ते निवर्तले. डॉक्टरांनी डोळा उघडला, तर द्रव स्वच्छ, रंगहीन! तर्क चुकीचा ठरला. स्वतःचे मतही कसोटीला लावण्याची ही वृत्ती कालामसुत्त जाणणाऱ्यांना परकी वाटणार नाही.

जपून ठेवलेल्या त्या अवशेषांतील डीएनए १९९५ मध्ये तपासला गेला आणि उत्तर मिळाले. दोष दृष्टिपटलात होता. तेथील पेशींच्या आवरणात ऑप्सिन नावाच्या प्रथिनांचे कुटुंब असते. ऑप्सिनची साखळी आवरणातून सात वेळा आरपार जाते आणि जीवनसत्त्व ‘अ’पासून झालेला एक रेणू पोटाशी धरते. प्रकाश पडताच तो वाकडा रेणू सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात होते. रंगांसाठी असे तीन ऑप्सिन लागतात. त्यांपैकी मुख्यतः हिरवा प्रकाश टिपणाऱ्या ऑप्सिनचे जनुक डाल्टन यांच्याजवळ नव्हते.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. म्हणून मुलाकडे हा दोष आईकडून येतो, आणि तिला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसतात. तेव्हा सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्यांनी व मुलाला मठ्ठ म्हणणाऱ्यांनी थांबावे. रेल्वे इंजिनचालकाच्या भरतीत मात्र रंगदृष्टीची परीक्षा असते. नौपाड्यातील ज्या पालकांची नजर त्या नोकरीवर आहे, त्यांनी मुलाची तपासणी आधीच करून घ्यावी. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे असतात. काही मिनिटांचेच काम आहे.