क्लॅरेन्स डिकेटर हाउ

क्लॅरेन्स डिकेटर हाउ (१५ जानेवारी, १८८६:वॉल्थॅम, मॅसेच्युसेट्स, अमेरिका - ३१ डिसेंबर, १९६०:माँत्रियाल, कॅनडा) हे कॅनडाचे अभियंते, उद्योजक आणि राजकारणी होते. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्री व पुरवठा मंत्री या नात्याने त्यांनी कॅनडाच्या युद्धकालीन उत्पादनाची उभारणी केली.

प्रारंभिक जीवन

मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९०७ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर हाउ हॅलिफॅक्स येथील डलहौसी विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९१३मध्ये ते धान्य आयुक्त मंडळाचे मुख्य अभियंते झाले. १९१६ साली त्यांनी पोर्ट आर्थर येथे स्वतःची कंपनी काढली. गव्हाच्या साठवणुकीसाठी लागणारी प्रचंड कोठारे बांधण्यात या कंपनीने नाव मिळवले. १९३५ साली ते लिबरल पक्षातर्फे पोर्ट आर्थरमधून संसदेवर निवडून गेले व मॅकेन्झी किंग यांच्या मंत्रिमंडळात दाखल झाले.

युद्धकालीन कार्य

एप्रिल १९४०मध्ये हाउ यांच्याकडे युद्धसामग्री व पुरवठा खाते आले. त्या वेळी कॅनडाची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती आणि देशात शस्त्रनिर्मितीचा उद्योग नाममात्रच होता. हाउ यांनी अनुभवी उद्योजकांना वर्षाला एक डॉलर इतक्या नाममात्र वेतनावर सरकारी कामात आणले. खासगी कारखान्यांना जे काम झेपण्याजोगे नव्हते, त्यासाठी त्यांनी २८ सरकारी महामंडळे स्थापन केली. जपानने आग्नेय आशियातील रबराचा पुरवठा तोडल्यावर सार्निया येथे कृत्रिम रबराचा कारखाना उभारण्यात आला.

डिसेंबर १९४०मध्ये ब्रिटनला जात असताना त्यांचे जहाज वेस्टर्न प्रिन्स जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यांचे सहकारी गॉर्डन स्कॉट यांचा या दुर्घटनेत मृत्यू झाला. हाउ जीवरक्षक नौकेतून बचावले व त्यांनी पुढील प्रवास पूर्ण केला.

युद्धाच्या अखेरीपर्यंत कॅनडात ८ लाखांहून अधिक लष्करी वाहने आणि सुमारे १६,००० विमाने तयार झाली. पोर्ट आर्थरशेजारच्या फोर्ट विल्यममध्ये एल्सी मॅकगिल या अभियंत्यांच्या देखरेखीखाली हरिकेन लढाऊ विमाने बनत असत. एकूण उत्पादनापैकी सुमारे एक तृतीयांश भाग कॅनडाच्या सैन्यासाठी वापरला गेला; उर्वरित बहुतांश सामग्री ब्रिटन व इतर दोस्त राष्ट्रांना मिळाली. भारतात बांधलेल्या चिलखती गाड्यांसाठीही कॅनडातून आलेले सांगाडे वापरण्यात आले.

उत्तरार्ध

युद्धानंतर हाउ यांनी पुनर्रचना, व्यापार आणि संरक्षण उत्पादन ही खाती सांभाळली. युद्धकाळात झटपट निर्णय घेण्यासाठी मिळालेले व्यापक अधिकार त्यांनी शांततेच्या काळातही टिकवून ठेवण्याचा प्रयत्न केल्यामुळे विरोधकांनी त्यांच्यावर संसदेला डावलल्याची टीका केली. १९५६ साली नैसर्गिक वायूवाहिनीचे विधेयक संमत करून घेण्यासाठी सरकारने संसदेतील चर्चेवर मर्यादा घातली. त्यातून मोठा वाद उद्भवला. १९५७च्या निवडणुकीत सरकारने बहुमत गमावले आणि स्वतः हाउ यांना पोर्ट आर्थरमध्ये डग्लस फिशर या तरुण शिक्षकाकडून पराभव पत्करावा लागला.

राजकारणातून निवृत्त झाल्यावर हाउ डलहौसी विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले. १९६० साली हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.