आज्ञावलीला चिरायुष्य देणारी विदुषी : ग्रेस हॉपर

संगणकाला आकड्यांऐवजी शब्दांत आज्ञा देण्याची वाट ज्यांनी मोकळी केली, त्या ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. सात वर्षांची ही मुलगी घरातील गजराची घड्याळे एकामागून एक उघडून त्यांचे अंतरंग न्याहाळीत असे. पुढे व्हॅसार महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच १९३४ साली त्यांनी येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट संपादन केली.

दुसऱ्या महायुद्धात नौदलात जाण्याचा त्यांनी निश्चय केला. वजन कमी भरले, तरी विशेष परवानगी मिळवून १९४३ साली त्यांनी राखीव दलात प्रवेश केला. १९४४ पासून हार्वर्ड येथील 'मार्क १' या अजस्र गणकयंत्रासाठी त्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, रचू लागल्या. त्या काळी एका यंत्राच्या आज्ञा दुसऱ्यास कळत नसत. यंत्र मोडीत निघाले, की त्यासाठी केलेले श्रमही मातीमोल होत.

आज्ञावली रचण्याचे पुष्कळसे काम यंत्राकडूनच करून घेता येईल, असे हॉपर यांना वाटे. १९५२ साली त्यांनी तसा 'कंपायलर' सिद्ध केला. परंतु बराच काळ कोणी विश्वास ठेवीना. त्या खचल्या नाहीत. साध्या इंग्रजी शब्दांची 'फ्लो-मॅटिक' ही भाषा त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. १९५९ साली अनेक तज्ज्ञांच्या समितीने व्यापारी कामकाजासाठी 'कोबोल' भाषा घडविण्यास आरंभ केला, तेव्हा फ्लो-मॅटिकचाच मोठा आधार घेतला. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबोल आज्ञावली दोन भिन्न कंपन्यांच्या संगणकांवर चालून दाखविण्यात आली. आज्ञावली यंत्राच्या दास्यातून सुटू लागली, ती अशी!

१९६६ साली निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने पुढच्याच वर्षी परत बोलाविले. निरनिराळ्या संगणकांवरील कोबोल एकसारखी करण्याचे काम त्यांनी नेटाने केले. १९८६ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल पदावरून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या कार्याचा धागा तुटलेला नाही. बँका, विमा कंपन्या व सरकारी कचेऱ्यांतून दशकांपूर्वीच्या कोबोल आज्ञावल्या अद्याप चालतात. त्यांना नव्या संगणकावर नेण्याचा एक मार्ग म्हणजे 'कंटेनर'. आपल्या रामाकोना-सौंसर भागातील संत्री पेटीत भरली, म्हणजे तीच पेटी ट्रकमधूनही जाते आणि रेल्वेनेही. वाहन बदलले, तरी फळे पुन्हा रचावी लागत नाहीत. त्याचप्रमाणे जुनी आज्ञावली नव्या कंपायलरने सिद्ध करून, तिला लागणारे साहाय्यक भाग व मांडणी यांसह एका गाठोड्यात बांधतात. यालाच 'कंटेनर इमेज' म्हणतात. २०१३ साली आलेल्या 'डॉकर' या साधनाने ही पद्धत सर्वत्र रूढ केली. हिशेबाच्या नोंदी मात्र गाठोड्याबाहेर सुरक्षित ठेवतात, म्हणजे गाठोडे बदलले तरी त्या नष्ट होत नाहीत.

परंतु पेटीत घातल्याने आंबट फळ गोड होत नाही. आज्ञावलीतील दोषही गाठोड्यातून तसेच पुढे जातात. ते काढावयाचे, तर मूळ मजकूर वाचून समजणारा माणूसच हवा. आपले काम पुढच्या पिढीला वाचता यावे, हाच हॉपर यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वहीतील गणितसुद्धा दुसऱ्याला समजेल असे मांडावे, एवढा बोध या चरित्रातून घेतला तरी पुष्कळ झाले.