पुन्हा पेरून पाहणारे फादर मेंडेल



शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ग्रेगोर मेंडेल हे नाव ऐकलेले असते. ते ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. त्यांनी एकच वाटाणा वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा का पेरला, हे तर फारसे कोणी सांगतही नाही.

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. भावाचे शिक्षण थांबू नये म्हणून धाकटी बहीण तेरेझिया हिने स्वतःच्या हुंड्यातला वाटा दिला. १८४३ मध्ये ते ब्रनो शहरातील संत थॉमस मठात दाखल झाले आणि १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिक्षकाच्या परीक्षेत १८५० साली ते नापास झाले. तरीही मठाधिपतींनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठविले. तेथे ते भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकून परतले.

मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याचे ३४ वाण आणले. पण लगेच संकर केला नाही. आधी दोन वर्षे ते वाण नुसते पेरून पाहिले. गोल दाण्यापासून गोलच आणि सुरकुतलेल्यापासून सुरकुतलेलाच दाणा येतो ना, याची खात्री करून घेतली. मगच १८५६ पासून खरे प्रयोग सुरू झाले. कळी उमलण्याआधी तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि येणारा प्रत्येक दाणा मोजायचा. आठ वर्षांत सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

गोल आणि सुरकुतलेल्या वाणांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. ते पेरल्यावर दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. एवढ्यावर ते थांबले नाहीत. दाण्याचा रंग, फुलाचा रंग, झाडाची उंची असे एकूण सात गुण त्यांनी तपासले. प्रत्येक वेळी तेच प्रमाण दिसले. एकदा जे घडते तो योगायोग असू शकतो. सात वेळा घडले तर त्यामागे नियम असला पाहिजे.

एके ठिकाणी हिशेब अडला. शेंगेच्या रंगाच्या प्रयोगात हिरव्या शेंगांची १०० झाडे घेतली, तर त्यांतील सुमारे ६७ झाडांची संतती मिश्र निघायला हवी होती. निघाली ६० झाडांची. मेंडेल यांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आकडा ६५ आला. त्यांनी आपल्या निबंधात दोन्ही आकडे छापले. न जुळणारा आकडा लपविला नाही.

फेब्रुवारी आणि मार्च १८६५ मध्ये त्यांनी हे काम ब्रनोच्या निसर्ग-अभ्यास मंडळापुढे वाचले. १८६६ मध्ये ते छापून आले, पण त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. म्युनिकचे नामवंत प्राध्यापक नेगेली यांना त्यांनी पत्रे लिहिली, वाटाण्याचे बीही पाठविले. नेगेलींचे लक्ष हॉकवीड नावाच्या रानफुलाकडे होते. मेंडेल यांनी तेही हाती घेतले. बारीक फुलांवर काम करताना डोळे शिणले, आणि निकाल आला वाटाण्याच्या अगदी उलट! तोही त्यांनी जाहीर केला. हॉकवीडमध्ये बहुतेक बी परागाशिवायच तयार होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर कळले. म्हणजे प्रयोग चुकला नव्हता; झाडाची रीतच वेगळी होती.

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि पुढे मठावरील कराच्या वादात त्यांची वर्षे गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. लोकांनी एका भल्या मठाधिपतीला निरोप दिला. आपण एका शास्त्रज्ञाला पुरतो आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, हॉलंडचे डी व्ह्रीस, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेरमाक यांनी आपापल्या बागेत केलेल्या संकरांचे निकाल जाहीर केले. तेच प्रमाण! मग जुना निबंध पुन्हा उघडला गेला. १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने मेंडेल यांचे आकडे अपेक्षेपेक्षा जास्तच जुळतात, असा आक्षेप घेतला. त्यावर आजही चर्चा होते. पण त्यामुळे मेंडेल यांचा नियम कोसळला नाही, कारण तोवर तो एका माणसाच्या वहीवर अवलंबून राहिला नव्हता. कितीतरी अनोळखी हातांनी पेरून तो पडताळला होता.

प्रयोग पुन्हा करणे म्हणजे करणाऱ्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी त्याची नजर चुकू शकते. म्हणून दुसऱ्याने पाहावे लागते. मेंडेल यांनी हे आधी स्वतःच्या कामाला लावले. आपल्यालाही एखादी बातमी, एखादे औषध किंवा शेजाऱ्याबद्दलची एखादी गोष्ट एकदाच कानावर आली, की ती खरी वाटू लागते. ती पुढे सांगण्याआधी पुन्हा एकदा पडताळून पाहावी, एवढे तरी आपण या मठवासी शेतकऱ्याच्या मुलाकडून शिकू या.

आपले फादर