माणसं घडवणारा डॉक्टर

आमच्या कोयनानगरला मोठं दुखणं आलं की घरात दोन नावं निघतात, कराड नाहीतर मिरज. कराड जवळ आहे, समजू शकतो. पण मिरज का? त्या गावात इतके दवाखाने आले कुठून? हे शोधताना मला डॉ. विल्यम वानलेस भेटले.

त्यांचा जन्म 1865 सालचा, कॅनडातला. न्यूयॉर्कला डॉक्टरी शिकून 1889 मध्ये ते मिशनतर्फे भारतात आले. वय फक्त चोवीस! आपल्या फायनल इयरवाल्यांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. सांगलीत छोटा दवाखाना काढून त्यांनी सुरुवात केली आणि 1894 साली मिरजेत इस्पितळ उभं केलं. शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून पेशंट येऊ लागले.

पण एका माणसाचे दोन हात कुठवर पुरणार? 1897 मध्ये त्यांनी मिरजेतच वैद्यकीय शाळा सुरू केली. इथलीच मुलं शिकून डॉक्टर होऊ लागली. मला त्यांचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं. पुढे कुष्ठरोगी आणि क्षयरोगी यांच्यासाठी वेगळी सोय झाली. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. 1928 साली त्यांना 'सर' किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली आणि 1933 मध्ये ते अमेरिकेत वारले. त्यांच्या जागी डॉ. व्हेल आले, तेही परदेशीच, हे खरं. पण हाताखालची शिकलेली माणसं इथली होती, म्हणून काम चालू राहिलं. 1962 साली सरकारी मेडिकल कॉलेजही मिरजेतच आलं.

आजही परदेशातून सर्जन येतात, आठवडाभर शिबिर घेतात, लहान मुलांचे दुभंगलेले ओठ शिवतात आणि परत जातात. काम पुण्याचंच आहे. पण टाळू दुभंगलेली असेल तर त्या मुलाला पुढे आणखी ऑपरेशन लागतं, बोलायला शिकवावं लागतं, वर्षानुवर्षं तपासावं लागतं. विमान गेल्यावर हे कोण करणार? गावातला शिकलेला डॉक्टर, नर्सच ना!

आपणही एन.एस.एस. कॅम्पला जातो, सात दिवसांत सौर दिवे बसवतो, फोटो काढतो, निघतो. दिवा बंद पडला की तो दुरुस्त करणारं गावात कोणी नसतं. यंदा दोन दिवे कमी बसवूया, पण गावातल्या दोन पोरांना दुरुस्ती शिकवून येऊया. बघा, पटतंय का!